गव्हाच्या कोठीतल्या गोळ्या

मी, श्रीमती विमल भगवंत निकुंभ, वय ६८, मॅट्रिक, राहणार सामरवरणी, सिल्व्हासा, गजाननाला स्मरून लिहिते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे व माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. बँकेतील ठेव व पुढच्या दोन खोल्या मुलगा हेमंत यास. देवघर सूनबाई सुजातास. नैवेद्य चुकवू नये.

२. पितळी पातेले थोरल्या जाऊबाई बायडाबाई यांना. जन्मभर मला चिक्कू म्हणाल्या. त्यांचे खरे होते, ते पुढे येतेच.

३. कोठीला लागून असलेली मागची खोली भाडेकरू समाधानची बायको सोनम हिच्या एकटीच्या नावे. हेमंतने आठ्या घालू नयेत. कारण लिहिते.

वर्षाचे गहू कोठीत भरून मी किडीच्या गोळ्या ठेवते. हवेतल्या ओलाव्याने त्यांचा वायू होतो, किड्यांचा श्वास तुटतो. काटकसर म्हणून मी अर्धीच गोळी ठेवी आणि दोन दिवसांत कोठी उघडत असे. त्यातून जे किडे वाचले त्यांचीच पिलावळ वाढली. पुढे अख्ख्या गोळीलाही ते दाद देईनात. गेल्या चैत्रात मी चिडून सहा टाकल्या.

संध्याकाळी सोनम म्हणाली, "काकू, भिंतीतून लसणासारखा वास येतोय."

"तुझ्याच फोडणीचा असेल," मी म्हटले.

ती समाधानचे जेवण झाकून गलोंडा गावच्या कंपनीत रात्रपाळीला गेली. पहाटे समाधानला ओकाऱ्या आणि धाप. दवाखान्यात डॉक्टरांनी विषाचे नाव काढताच धावत आलेली त्याची आई सोनमवर ओरडली, "काय कालवलं होतंस गं जेवणात?" मी बाकावर बसून माळ ओढत राहिले. समाधान वाचला; सोनमला सासूने शिरपूरला माहेरी धाडले.

डब्यावर छापले होते, वायूला लसणासारखा वास येतो, राहत्या घरात वापरू नये. मला वाचता येते. मी वाचले होते.

देवासमोर रोज कबूल करते. ते सोपे आहे, तो उलट बोलत नाही.

४. उरलेल्या गोळ्यांचा डबा शेतकी खात्यात द्यावा. पाण्यात, कचऱ्यात टाकू नये.

५. कलम ३ माझ्या मरणापर्यंत झाकून ठेवायचे नाही. येत्या रविवारी समाधान, त्याची आई आणि सोनम यांना बोलावले आहे. शेजारचे दत्तात्रयभाऊ वाचतील, मी समोर बसेन. सोनमने मला पुन्हा काकू म्हणावे अशी माझी अपेक्षा नाही.

सही : विमल भगवंत निकुंभ
साक्षीदार : १. दत्तात्रय बोरसे, शेजारी (सही)
२. भिमाबाई वाघ, शेजारीण (अंगठा)
सामरवरणी, ९ जानेवारी २०२५