बाबांच्या करपलेल्या पेस्ट्र्या

सोमवार, ३ मार्च

बाबांच्या हातात लाटणं! या माणसाने आजवर स्वयंपाकघरात फक्त बल्ब बदलले.

मी दारातच थांबले, कुबड्या सावरत. ती खुर्चीत बसलेली — हाताची घडी, नजर बाबांच्या बोटांवर. "अहो, कडा नीट दाबा. नाहीतर सारण बाहेर येईल." बाबा मुकाट्याने दाबत होते.

प्लास्टर निघेपर्यंत इथेच राहायचं आहे. माझ्या घरी लिफ्ट नाही, आणि या पायाने जिना चढायचा म्हणजे दुसराही मोडून घ्यायचा. आई गेल्यानंतर काही वर्षांनी बाबांनी हिच्याशी लग्न केलं. तेव्हापासून मी इथे पाहुण्यासारखी येते — चहा घेते, निघते. तोंडावर 'मावशी' म्हणते. या वहीत 'ती' पुरे.

मंगळवार, ४ मार्च

आज पुन्हा तेच. रोज सकाळी असतं म्हणे.

काम काही अवघड नाही. पफ पेस्ट्रीची तयार, गोठवलेली पोळी दुकानातून येते. ती जरा मऊ होऊ द्यायची, किंचित लाटायची, चौकोन कापायचे. मधे शिजवलेल्या फळांचं सारण, मग दुमडून त्रिकोण, काट्याने कडा दाबायच्या, वरून दुधाचा हात फिरवून ओव्हनमध्ये. झालं.

इतकं सोपं, तर ती स्वतः का करत नाही? हॉटेलच्या भटारखान्यात जन्म गेला तिचा. तिच्या हातून चुटकीसरशी होईल. पण बोट लावत नाही. बसून हुकूम सोडते आणि सत्तरी ओलांडलेला माणूस तिच्यापुढे उभा.

विमा कंपनीत मी लोकांचे दावे तपासते. खरं काय, बनाव काय, एवढंच दिवसभर बघायचं. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवार, ७ मार्च

करपल्या. सफरचंदाचा वास घरभर, आणि त्यावर जळका धूर. ती रागावली नाही, हसलीही नाही. "उद्या परत," एवढंच.

मी म्हटलं, "बाबा, मला ब्रेड-लोणी चालतं."

बाबा ट्रे खरवडत म्हणाले, "हिला नाही चालत."

हिला! हिने तर एक कोपरा मोडला आणि बशीत इकडून तिकडे फिरवत बसली. स्वतः खायचं नाही, मग हा खटाटोप कशासाठी?

शनिवार, ८ मार्च

बाबांची साखर वाढलेली असते. अचानक लक्षात आलं. रोज गोड खायला घालतेय ती त्यांना!

दोघं बाहेर गेल्यावर लंगडत ओट्यापाशी गेले. पातेल्यातलं सारण चाखलं. सफरचंद, दालचिनी, लिंबू, चार मनुका. साखरेचा कणही नाही.

हा मुद्दा बाद. पण संशय बाद नाही.

बुधवार, १२ मार्च

ती सकाळीच 'जरा काम आहे' म्हणून गेली. दुपारी टॅक्सीने आली. कुठे गेली होती ते बाबांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. येऊन आडवी झाली. जेवली नाही.

संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून फोनवर बोलत होती. मी कान दिला. (दिला. लाज वाटली तरी दिला.)

"...नाही गं, यांना अजून जमत नाहीये. एकदा जमलं की मी मोकळी."

मोकळी!

गुरुवार, १३ मार्च

झोप नाही. ती बाबांना सोडून चाललीये, दुसरं काय? जायच्या आधी म्हाताऱ्याला हाताशी लावून जायचं, म्हणजे मनाला टोचणी नको. आज पेअरचं सारण होतं. बाबांनी कडा अर्धवट दाबल्या, सगळा रस ट्रेभर. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या या माणसाने. केसाएवढी तार चिमटीत धरून जोडायचे. त्या बोटांना काटा दाबता येत नाही?

बाबा तिच्याकडे बघून ओशाळं हसले. मला ते हसू बघवेना.

रविवार, १६ मार्च

बाबा फळं आणायला गेले होते. ती चेरीच्या बिया काढत होती. समोर बसले आणि सरळच विचारलं, "मावशी, तुम्ही बाबांना सोडून जाणार आहात का?"

तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले. "बहुतेक," म्हणाली.

मी बरंच काही बोलणार होते. तिने बोलूच दिलं नाही.

पोटात गाठ आहे. ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर धड काही सांगत नाहीत — "आणि जे सांगत नाहीत तेच मला कळतं." अन्न जात नाही. फार वेळ उभं राहवत नाही.

मग म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा हे काय खात होते, ठाऊक आहे? बिस्किटं. सकाळी बिस्किटं, दुपारी तीच, उरली तर संध्याकाळी. मी भेटले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. पुन्हा तसं नको व्हायला."

मला ठाऊक नव्हतं. फोनवर दर वेळी 'जेवलो' म्हणायचे.

"मग वरण-भात शिकवा ना. पेस्ट्रीच का?"

"वरण-भात दोनदा शिकवला. कुकरला घाबरतात. आणि भूक नसली तरी ओव्हनमधून असा वास आला की माणूस टेबलापाशी येतो. सकाळी पोटात काही गेलं, की पुढचा दिवस रेटता येतो."

"बाबांना माहीत आहे?"

"नाही. मीच सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस."

तिने खाली मान घालून चेरी पुढे ओढल्या. निम्म्यांच्या बिया मी काढल्या — काढल्या कसल्या, चेरीच चिरडल्या.

मंगळवार, १८ मार्च

आता मीच बाबांच्या मागे लागलेय. "बाबा, ओव्हन आधी तापू द्या." "बाबा, वर चीर पाडा, वाफ कोंडते." तरी करपल्या. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून.

माझा संताप झाला. एवढं साधं जमू नये?

शुक्रवार, २१ मार्च

आज डोळ्यांनी पाहिलं. ट्रे आत गेला, ती तोंड धुवायला गेली. बाबांनी ओव्हनचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. ती यायच्या आत परत जागेवर आणलं. मी दिवाणखान्यातून बघतेय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

करपल्याच.

बाबांचं डोकं तर — लिहवत नाही. विसरतात का काय? की काय करतोय हेच कळत नाही? ती चालली, आणि यांचं हे असं. मी एकटी काय काय बघू?

रविवार, २३ मार्च

तिने बाबांना सांगितलं. मी शेजारीच होते.

बाबा "बरं" म्हणाले. बस्स. एक प्रश्न नाही. उठले, तिची शाल आणली, तिच्या पायांवर घातली आणि शेजारी बसून राहिले. माणूस हादरेल, रडेल, डॉक्टरांना शिव्या घालेल. हे नुसते बसून. मला काही खरं वाटेना.

सोमवार, २४ मार्च

दवाखान्यात पोचवलं. निघताना ती मला म्हणाली, "यांच्यावर लक्ष ठेव. अजून कच्चेच आहेत."

बुधवार, २६ मार्च

ऑपरेशन काल संध्याकाळी झालं. गाठ निघाली. पुढचं तपासण्यांनंतर कळेल.

सकाळी वासाने जाग आली. टेबलावर आलुबुखाराच्या पेस्ट्र्या — सोनेरी, पापुद्रा न् पापुद्रा सुटलेला, थेंबभर रस बाहेर नाही.

"बाबा, या तुम्ही केल्यात?"

"दुसऱ्या आठवड्यातच जमल्या होत्या." ते ट्रे पुसत राहिले. "तिचे कपडे सैल झालेले मला दिसत नाहीत होय? मला जमलं असतं तर तिने हात झटकले असते. शिकवायचं राहिलंय म्हणून तरी रोज उठत होती."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन. ती शुद्धीवर आलीये. नर्सने फोन तिच्या कानाला लावला. क्षीण आवाजात तिने पहिलंच विचारलं — आज काय केलं यांनी?

बाबांनी मला हातानेच 'नाही' असं खुणावलं.

मी सांगितलं, "करपवलं, मावशी."