हिची काच

३ फेब्रुवारी
टक्-टक्-टक्! चौथीतल्या मास्तरांची पट्टी टेबलावर पडायची नि सगळा वर्ग तालात कविता म्हणायचा. साठ वर्षं झाली, आज त्याच आवाजानं जाग आली. डोळे उघडले तर ही — कपाटावर बोटं वाजवत उभी.
"येते मी तपासणीला. पण एकदाच. पुन्हा नाव काढायचं नाही."
पंचवीस वर्षं मागे लागलो होतो! गेल्या महिन्यात अक्का गेली, हिची थोरली बहीण. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

५ फेब्रुवारी
अडतीस वर्षं मी प्रयोगशाळेत काचा रंगवल्या. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी ब्रशनं घ्यायच्या, काचेवर पसरायच्या. त्यांना रंग मी चढवायचा, नि सूक्ष्मदर्शकातून बघायच्या मोठ्या बाई, आमच्या डॉक्टर. काच प्रत्येक रंगात दहा वेळा बुडवायची. आकडे मोजायचा मला कंटाळा. मी शाळेतली कविता म्हणायचो — दोन ओळी की दहा बुड्या! बाईंनी एकदा घड्याळ लावून बघितलं. सेकंदाचाही फरक नाही. तेव्हापासून माझं नाव पडलं 'कवी'.
सगळ्या गावच्या काचा रंगवल्या, घरचीच राहिली. हिचं एकच पालुपद — "तुमच्या माणसांनी माझी काच बघायची, आणि मी त्यांनाच जेवायला वाढायचं?"
"अगं, काचेवर चेहरा नसतो, नंबर असतो."
"नंबर तुम्हीच घालणार ना!"

८ फेब्रुवारी
गेलो. ही ठेवणीतले कपडे घालून. "तिथे कपड्यांकडे कोण बघतंय?" म्हणालो — दवाखान्यापर्यंत अबोला.
पडद्याआडून हिचा आवाज: "बाहेर बसलेत ना, त्यांना कानांत बोटं घालायला सांगा." घातली!
दोन मिनिटांत नर्स काच घेऊन बाहेर. तिला काम मीच शिकवलेलं. "बघू जरा," म्हटलं. तिनं बिचारीनं दिली. खिडकीशी उजेडात धरली. काचेवर धुक्याची पुसटशी रेघ. चाळीस वर्षांचा संसार, नि हे असं काही पहिल्यांदाच हातात! ओठांवर आपोआप ओळी आल्या.
"काका, स्पिरिटात बुडवा!!"
बुडवली. लगेच. बहुधा लगेच.

१२ फेब्रुवारी
मोठ्या बाईंचा फोन. "कवी, काच वाळलीय. पेशी पार फुगल्यात, काही वाचता येत नाही. कोणत्या गाढवानं हवेवर ठेवली?"
नर्सचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. "मीच तो."
मग — "एक कडवं की दोन?"
"तीन."
नर्सांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना मीच पढवलं होतं: घेतली की बुडवा, वाळली की मेली! आता महिनाभर थांबून पुन्हा काच घ्यायची.

१३ फेब्रुवारी
हिला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी
सांगितलं.
"अख्ख्या गावच्या बायकांच्या वेळेवर बुडवल्यात, माझीच तेवढी वाळवलीत!" मला हसू आलं. हिला नाही. "एकदाच म्हटलं होतं मी." आत गेली, दार लावलं.
अक्काचं शेवटचं दुखणं आठवतं. हातांत नुसती हाडं उरली होती. माझ्या तीन कडव्यांपायी हिचंही तसंच काही लपून राहिलं तर?

२० फेब्रुवारी
अबोल्याचा सातवा दिवस. क्षमेची कविता लिहिली, हिच्या चहाच्या कपाखाली सरकवली. हिनं चष्मा लावला. वाचली. पुन्हा वाचली.
"दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त झालीय."
सात दिवसांतलं पहिलं वाक्य! मोजली — खरंच जास्त. चाळीस वर्षं ही ऐकत होती तर!
"जाईन मी. तुम्ही घरी बसायचं."

१६ मार्च
ही एकटी गेली. मी घरी. बसलो, उठलो, गॅलरीत गेलो, दूध उतू घालवलं. एक ओळ आठवेल तर शपथ!
आली. "बुडवली. माझ्या डोळ्यांदेखत."
"नर्स काय म्हणाली?"
"काका नाही आले ते बरं झालं, म्हणाली."

२३ मार्च
सकाळी बेल. दारात मोठ्या बाई! तीन जिने चढून, भिंतीला धरून धापा टाकत. अडतीस वर्षांत कुणाचा रिपोर्ट घेऊन कधी कुणाच्या दारी गेल्या नाहीत. मी 'या' म्हणायचंही विसरलो.
"काच स्वच्छ आहे," त्या आधी तेवढं म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, हिला — "वहिनी, मी तुम्हाला न्यायला आलेय. सगळ्यांच्या बघितल्या, स्वतःची कधी दिली नाही. चार महिने झाले, अंगावरून रक्त जातंय. एकटीनं जायचा धीर होत नाही."
हिनं काही विचारलं नाही. चपला घातल्या, बाईंचा हात धरला. जिन्यावरून हिचा आवाज वर आला —
"दोन मिनिटंच लागतात. मी पडद्याच्या आत उभी राहते."