धुतलेली गाडी

श्रावणातला गुरुवार, संध्याकाळ. पोर्ट ब्लेअर.

पोचलो एकदाचे. विमानतळापासून हॉटेलपर्यंतची आणि पुढचे दिवस फिरायचीही गाडी लेकीनं लातुरातूनच बुक केली होती. ह्यांना ते पटलंच नव्हतं. "रिक्षा न्हाई का तिथं?" हे घरापासून चालू. पहिलाच दिवस कुरकुरीत जाणार की काय, ही माझी धाकधूक.

बाहेर ड्रायव्हर आमच्या नावाची पाटी धरून उभा होता. स्वतःचं नाव वाचून ह्यांना बरं वाटलं, पण बोलतील कशाला? मग गाडी दिसली. नुकतीच धुतलेली, खालून अजून पाणी गळत होतं.

हे जागीच थांबले. "पानी से धोए?"

"हां साहब, पाइप लगाके. आपके लिए."

तो बिचारा शाबासकीची वाट बघत होता आणि ह्यांचा चेहरा दूध सांडल्यासारखा. लातुरात पाऊस नाही, नळ कोरडे, टँकरची वाट बघायची. आमची स्कूटर ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं पिळून हे जास्वंदीला पाणी घालतात.

वाटभर ओढे वाहत होते, हे मान वळवून एकेक बघत होते. माझ्या डोळ्यांपुढं ती गळणारी गाडीच. आता भांडण होणार, असं धरूनच चालले मी.

उतरताना ह्यांनी विचारलं, "कल भी धोते?"

ड्रायव्हर घाबरला. नको असेल तर नाही धुणार, म्हणाला.

"धोना. पर मैं आए बाद. पाइप मैं पकडता."

आता हे खोलीतल्या आरशासमोर उभे राहून पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बघतायत.