बदल कोणी केला

९ मार्च, सोमवार
गोंदियाहून सॉफ्टवेअरवाल्या रश्मी मॅडम येऊन गेल्या. आमच्या पाणीवापर संस्थेच्या पाणीपाळीच्या प्रोग्रामवर, अगदी वर, एक लांब पट्टी बसवली. तिच्यात शब्द टाकला की त्या शब्दाची सगळी कामं खाली उघडतात. म्हणाल्या, "दीदी, सब पहले से था. तीन मेनूच्या आत होतं, मी समोर आणलं." सात वर्षं हा प्रोग्राम चालवते मी, आणि मला माहीत नाही? आत ठेवलं कोणी? आणि आताच बाहेर का? मॅडम फार गोड बोलतात.

१० मार्च
पट्टीत 'क्रम' टाकून पाहिलं. 'क्रम लावा', 'क्रम छापा', आणि खाली 'बदल कोणी केला'. तेवढ्यात सचिव तुरकर भाऊ मागे येऊन उभे.
"काय पाहून राहिल्या, ताई?"
"काही नाही."
एरवी हा माणूस माझ्या टेबलाकडे फिरकत नाही.

१२ मार्च
सुखदेव मेश्राम आले. माझ्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, इटियाडोह धरणाच्या आमच्या पाटाच्या पार शेवटी. संस्थेचा नियम, पाणी आधी टोकाला, मग वर वर. पण या उन्हाळी धानाला दोन पाळ्या झाल्या आणि दोन्ही वेळा मामांचा नंबर खाली. तिथपर्यंत पाणी पोचतच नाही.
"बांधीत भेगा पडून राहिल्या, बाई. माहा नंबर काऊन खाली जाते?"
पाहते म्हटलं. दोन्ही वेळा पहिला नंबर कटरेंचा. शेत पाटाच्या तोंडाशी, आणि तु. भाऊंचे सख्खे मेहुणे. आता आणखी काय पाहिजे?

१३ मार्च
तु. भाऊ जेवायला गेले तेव्हा 'बदल कोणी केला' उघडलं. यंदाच्या दोन ओळी. दोन्ही याद्या निघाल्या त्या सोमवारच्या, सकाळी सव्वादहाच्या. नाव: वंदना.
म्हणजे मी. मग डोकं चालू लागलं. सकाळी मी माझ्या पासवर्डने मशीन उघडते आणि माठ भरायला जाते. बाकीचे आपापले पासवर्ड कधीच विसरले, अख्खं ऑफिस माझ्याच नावावर काम करतं. मी माठाकडे असताना कोणीतरी माझ्या खुर्चीत बसतं. कोण, ते सांगायला नको. सोमवारी तिसऱ्या पाळीची यादी निघेल. माठ कोरडा राहिला तरी चालेल.

१६ मार्च, सोमवार
जागची हलले नाही. तु. भाऊ एकदा डोकावले, "आज पाणी नाही भरलं का?" विचारून गेले. बरोबर, तेच बघायला आले असणार.
यादी काढली. म्हाताऱ्यांना बोर्डावरच्या यादीत आपलं नाव सापडत नाही, म्हणून यंदापासून छापण्याआधी मी नावाच्या रकान्यावर दाबते. नावं अकारविल्हे लागतात. दाबलं. सहज पुन्हा 'बदल कोणी केला' पाहिलं.
तिसरी ओळ. सव्वादहा. वंदना.
कटरे वर, मेश्राम खाली. नुसती नावं हलत नाहीत, पाण्याचे नंबरच नव्याने पडतात. मला वाटायचं, पाणी सोडणारा पाटकरी क्रम डोक्यात ठेवतो. जुना पाटकरी ठेवायचा. यंदाचा नवा आहे, कागद पाहून पाणी सोडतो.
मीच केलं. लाज वाटली, फार. यादी परत टोकापासून लावली. मामा एक नंबर.

१८ मार्च
मामांच्या बांधीत पाणी पोचलं. अर्धं धान वाचेल म्हणतात. अर्धं गेलं. आणि चौकात सांगून राहिले म्हणे, "तुरकरनं केलं होतं, आपल्या वंदनानं पकडलं." मी असं कधी म्हटलं? पण नाही असंही नाही म्हटलं.

१९ मार्च
मॅडमचा फोन. "दीदी, पट्टीत काय काय ठेवू? जो नहीं चाहिए, वापस अंदर डाल देती हूँ."
तु. भाऊ समोरच होते. कालपासून लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. हळूच म्हणाले, "ते 'बदल कोणी केला' काढाले सांगा, ताई. लोकं उगाच शंका घेतील."
त्यांना ठाऊक नसावं की त्यांना सोडवणारी ती एकच जागा आहे. की ठाऊक आहे, आणि माझी चूक झाकून राहिले? की आणखी जुन्या ओळींत त्यांचंही काही आहे? अजूनही माझं मन त्यांच्यावरच संशय घेतं.
खिडकीतून बोर्ड दिसतो. मामा पहिल्या नंबरावर बोट ठेवून कोणाला तरी आपलं नाव दाखवत होते.
मॅडमला म्हटलं, उद्या सांगते.