एकाच कणगीत ठेवलेला आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

बाळू, तू हे कधी वाचायला बसशील तव्हा चष्मा हुडकू नको, कपाळावरच आसंल. अन् वाचता वाचता कुणाची रोजनिशी हाय ते इसरलास तर सांगून ठेवते, तुझ्या आईची. मी बोलते, तुझी भावजय लिहिती. वैशाली मधी मधी माझे शब्द सुधारती. मला वाचता येत न्हाई म्हणून तिला वाटतं मला कळत न्हाई.

दिवसभर कापूस येचला. घरात पाय ठेवायला जागा न्हाई, नाकातोंडात तूस. धाकटा लेक टोळीसंगं ऊस तोडायला गेल्यापास्नं सगळं आमा दोघींवरच. सांजच्याला रोजच्यासारखं सुमीचं गाणं लावायला बसले तर कंपुटरच्या डब्यातून टक् टक्. पाल चुकचुकावी तसं.

वैशाली म्हणली, "आत्या, पडद्यावर पिवळं काहीतरी आलंय. डिस्क खराब व्हायलीय म्हणतंय. सगळं दुसरीकडं काढून घ्या म्हणतंय."

म्हणलं, आधी गाणं लाव. लावलं. माझ्या जावेच्या, कौसाच्या, पोरीच्या लग्नातलं. आमी घाणा भरतोय, जातं फिरतंय, सुमी पुढं गातीय. मधीच थांबून म्हणती, "आई, तू गाऊ नको गं, नवरदेव माघारी जाईल," अन् हसती. त्या हसण्यापाशी अडकलं. लेक गेली, आवाज तेवढा या डब्यात राहिला होता.


४ नोव्हेंबर, मंगळवार

बाळूला फोन. "मीटिंगमदी हाय आई." ह्याची मीटिंग म्हणजे आमच्या इथल्या लाईटीसारखी, कधी संपंल नेम न्हाई. दुपारून त्यानंच केला. वैशालीकडून काय काय दाबून घेतलं, तपासलं. ती इंग्रजी एकेक अक्षर लावून सांगत होती, तो "हं, हं" करत होता. डाक्तर नाडी बघतो तसा.

मग म्हणला, "घाबरू नका. दिवाळीत आलतो तव्हा मी सगळं डी मधी कॉपी करून ठेवलंय. हे गेलं तरी ते हाय."

बरं वाटलं. लेकरू शिकल्याचं काहीतरी कामाला आलं. त्याच्या नावानं देवापुढं साखर ठेवली.


६ नोव्हेंबर, गुरुवार

काल डब्यानं डोळे मिटले ते मिटलेच. आज वैशाली अन् मी जीपनं केजला. डबा मांडीवर, गोधडीत गुंडाळून. शेजारची बाई म्हणती, "नातू का?" म्हणलं, न्हाई, लेक.

दुरुस्तीवाल्यानं उघडला. आत कापसाचं तूस, जनू उशी फोडली. "आजी, ह्याच्यावर काय पांघरत होता का?"

"मग! पोरानं सांगितलं धूळ लागू देऊ नका. काम झालं की लगेच गोधडी घालायचो."

"गरम गरमच? अवो, आत तापतं त्ये. त्याला वारा लागतो. त्यात तुमच्याकडचं लाईट कमी-जास्त."

धूळ लागू देऊ नका म्हणाला बाळू. गोधडी घालू नका म्हणाला न्हाई.

गोधडी सुमीच्याच लुगड्यांची व्हती. वैशाली, हे लिहू नको. लिहिलंस? बरं. राहू दे.

मी म्हणलं, काही बिघडत न्हाई, डी हाय आमची. ती काढून द्या. तो वैशालीकडं बघायला लागला. म्हणला, "सी अन् डी एकाच डिस्कवर असतात. हाय ती एकच. दोन्ही गेले."

म्हणजे बाळूनं कणगी एकच ठेवली अन् मधी फळी घातली. किडा काय फळी बघून थांबतो?

येताना डबा हलका झाला होता. ती डिस्क तेवढी काढून पिशवीत दिली. तळहातायेवढी. येवढ्याशात बसली होती माझी पोरगी.


९ नोव्हेंबर, रविवार

बाळूचा फोन. "आई, लक्षातच न्हाई आलं बघ." दुसऱ्यांच्या कंपन्यांच्या कंपुटरातलं जपायचा पगार घेतो, घरचं लक्षात आलं न्हाई. म्हणला, डिस्क पाठवून द्या, पुण्यात आतलं काढून देणारे लोक हायत. निघंल, न्हाईतर न्हाई.

मग म्हणतो, "पर एवढं काय हाय त्यात? सुमीचे फोटो हायत की माझ्याकडं."

"फोटो तोंड उघडतो का रे?"

त्यानं कापसाचा भाव विचारला.

"तिचा आवाज आठवतो का तुला?"

"आठवतो की."

"कसा व्हता, सांग."

"आई, रेंज जायलीय..."

त्याची रेंज लई हुशार. पायजे तव्हाच जाती.


१२ नोव्हेंबर, बुधवार

डिस्क पुण्याला रवाना. ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातात दिली. कापसात गुंडाळून, वरून डबा, डब्यावर दोरी. त्यानं विचारलं, "लाडू का, आजी?" म्हणलं, हो, पर उघडू नको, नासत्यात.

सांजच्याला सवयीनं कोपऱ्यात जाऊन बसले. टेबल मोकळं. वैशालीची पोरं म्हणली, "आजी, तू कावून बसलीस तिथं?" म्हणलं, पाय दुखायले.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन मीच लावायला लावला. डिस्क अजून बाळूच्या गाडीत. डिकीत. "या शनिवारी नक्की जातो."

शिव्या तोंडाशी आल्या व्हत्या. जेवलास का, विचारलं अन् ठेवला.

इथं गोधडीनं तापली, तिथं डिकीत तापतीय. कपाळ.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजरीचं बी राखेत घोळून मडक्यांत भरलं, तोंडं शेणानं लिंपली. वैशालीला सांगत होते, माझी सासू म्हणायची बी कधी एका घरात ठेवू नये. निम्मं आपलं, निम्मं दुसऱ्या घरी. एकीकडं आग लागली, कीड पडली, तर दुसरीकडं पेरायला राहतं. बाळूला येवढं तरी उमजायला पायजे व्हतं.

वैशाली दोन्ही मडक्यांकडं बघत म्हणती, "आत्या, आपलं दुसरं मडकं कुठं जायचं?"

कौसाकडं जायचं. धाकट्या जावेकडं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं बोलणं तुटलं तव्हापास्नं दोन्ही मडकी माझ्याच माळवदाखाली.

"मग ही पण डी ड्राईवच की, आत्या."

सटवी. हसू आलं, अन् मग आलं न्हाई.

मडकं तसंच हातात. तेवढ्यात तीच म्हणली, "सुमनताईंनी लग्नाचं सगळं एका पेनड्राईववर भरून कौसाकाकूच्या सुनेला दिलतं. माझ्यासमोर. मी इसरूनच गेले होते."

म्हणजे पोरीनं रीत पाळली व्हती. निम्मं बी दुसऱ्या घरी ठेवून गेली. आन् घर कोणतं, तर ते.


२४ नोव्हेंबर, सोमवार

वैशाली गिरणीवर कौसाच्या सुनेला भेटली, आमचं बियाचं बोलणं पण तिच्या कानावर घातलं. पेनड्राईव हाय. कौसानं पेटीत घातलाय, कुणाला हात लावू देत न्हाई. पर त्याच्या आधी म्हणं वर्षभर टीव्हीला लावलेला होता, पोरांनी पिच्चर भरले. जुनं पुसलं का राहिलं, सुनेला ठावं न्हाई.

रातच्याला... न्हाई, सांजच्यालाच निरोप आला कौसाचा: "बियाला न्हाई म्हणायची आपल्यात रीत न्हाई. पर बी मागायला घरची थोरली येती. सून न्हाई येत."

बघा ठसका. मी थोरली, मी तिच्या दारात जाऊ? सुमीच्या मातीला आली तव्हा माझ्याकडं तोंड करून बसली न्हाई. सगळ्या बाया पाणी पिल्या, ही तशीच उठली. सुमीला गाणं शिकवलेलं हिनंच, मला सूर कुठाय.

तिनं पेटीत कावून घातला मग? पिच्चर बघायला तर न्हाई.

बाळूचा शनिवार होऊन गेला. फोन न्हाई.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बाळूचा फोन. डिस्क दिली एकदाची. ते लोक म्हणले बघू, भरवसा देत न्हाई. "आई, वाईट वाटून घेऊ नको." म्हणलं, तू नको घेऊ, तुला जमायचं न्हाई.

वैशाली विचारती, मग काय ठरलं आत्या. उद्या जाते. त्या पेनड्राईववर सुमी निघाली तर दोन घरांत ठेवायची, तीनांत ठेवायची, बाळूच्या डिकीत न्हाई ठेवायची. अन् पिच्चरच निघाले तर कौसाला म्हणीन, तूच गा. सुमीचा सूर तिच्यात थोडा तरी आसंल. ती गाईल का न्हाई देवाला ठावं. दार उघडंल का तेच ठावं न्हाई.

बाजरीचं दुसरं मडकं घेऊन जाणार. मागायला जाताना मोकळ्या हातानं जात न्हाईत.

वैशाली, आता लिहिणं बास. सकाळी माझ्या आधी तुझ्या पोराच्या हातानं भाकरीचा डबा पुढं धाड तिच्याकडं. तसाच परत येतो का मोकळा, त्यावरनं मी पाय उचलीन. बाजरीच्या दोन भाकरी घाल, पातळ, तिला आता दात न्हाईत. संगं लसणाचा ठेचा. चांगला झणझणीत कर. डोळ्याला पाणी आलं तर ठेच्यानं आलं म्हणता येईल, तिला बी अन् मला बी.