लाइलचे चारशे एक

१२ मे

हजारात चारशे एक! लाइल व्हेनस्ट्राचे. माझे साडेचारशे नव्हेत — चारशे आणि वर अर्धा.

आमचा बेसबॉल क्लब मैदानाच्या दारावर पितळी पाटी लावतोय. आजवर सर्वांत जास्त प्रमाणात बेस गाठणारा आपला फलंदाज — नाव एकच. मॅनेजर डार्ला फोनवर म्हणाली, तुम्ही पेपरात लिहिता, जुन्या नोंदवह्याही तुमच्याकडेच, तेवढे आकडे तपासून द्या. म्हणजे माझ्या पराभवाचं प्रमाणपत्र मीच लिहायचं, सुवाच्य अक्षरात.

पाच मोसम एकत्र खेळलो. फलंदाजीच्या खेपाही सारख्याच, दोन हजारांच्या घरात. मी धावलो, घसरलो, गुडघा घालवला. हा नुसता उभा राहायचा! खांद्यावर बॅट, मुद्रा स्थितप्रज्ञाची. चार वाईट चेंडू जाऊ द्यायचे आणि जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखं पहिल्या बेसवर चालत जायचं. याला म्हणे कर्तृत्व.

१४ मे

मेव्हिसच्या हॉटेलात लाइल. बशीत नेहमीचा गोड ऱ्हुबार्ब पाय, तोंडी नेहमीचा प्रश्न — "काय प्रोफेसर, कोपर कसंय?" तीस वर्षं हेच विचारतोय. दुखतो माझा गुडघा!

मेव्हिसने त्याला पायचा मोठा तुकडा दिला. मोजला नाही. दिसतं.

१५ मे

षड्रिपूंत मत्सर शेवटचा. माझ्याकडे रांग मोडून पुढे आला आहे.

१८ मे

सापडलं!

नोंदी थेल्माबाई ठेवायच्या — रविवारी चर्चमध्ये ऑर्गन, एरवी आमचे तक्ते. स्वतः बाद होऊन बेसवरच्या सोबत्याला पुढे सरकवलं, की बाई एकच खूण करायच्या. नियम मात्र दोन. चेंडू हलकेच टेकवून बाद झालात, तर ती खेप हिशेबात धरायची नाही. उंच टोला झेलला गेला आणि सोबती शेवटच्या, घरच्या बेसवर पोचला, तर धरायची. बाईंच्या दयाळू अंतःकरणाने दोन्ही माफ केल्या.

लाइलच्या तीन खुणांशेजारी आठाचा आकडा. आठ म्हणजे पार मागे, मैदानाच्या टोकाला मध्यभागी उभा असलेला खेळाडू. तिथे पोचला तो टेकवलेला चेंडू कसा असेल? तीन खेपा वाढल्या! लाइल चारशेवर चार दशांश. मी चारशेवर पाच!

स्वतःच्या खुणाही तपासल्या. दोनदा. सगळे टेकवलेले.

२० मे

डार्लाला सांगितलं. तिने अभिनंदन केलं. लाइललाही मीच कळवलं, अत्यंत दुःखी आवाजात. पाटी शुक्रवारी कोरायला जाईल.

२१ मे

लाइल घरी आला. वाटलं, भांडेल. निदान वह्या मागेल. छे! म्हणाला, "बरं झालं. तू जीव टाकून खेळायचास." हरण्यातही हा माझ्या पुढे!

जाताना दारात थांबला. "कोपर बरंय ना आता?"

"अरे बाबा, मला गुडघ्याचा त्रास आहे."

"गुडघ्याचं ठाऊक आहे. मी कोपराचं विचारतोय."

हसत नव्हता.

२२ मे

विसरलो होतो, असं लिहिणार होतो. या वहीत तरी नको.

शेवटच्या मोसमातला ऑगस्ट. दोन चेंडू हुकले होते; तिसरा हुकला की बाद. तिसरा अंगाकडे आला आणि मी कोपर धरून कळवळलो. चेंडू लागला म्हणून अंपायरने पहिला बेस दिला. तक्त्यात अजून आहे, थेल्माबाईंच्या गोल अक्षरात.

चेंडू बाहीलाही लागला नव्हता.

माझ्यानंतरचा फलंदाज दहा पावलांवर उभा होता. लाइल.

त्या खेपेला बाद धरलं, तर मी त्याच्या मागे. खेपच पुसली, तरी मागे. दोन्ही करून पाहिलं.

तीस वर्षं. कोणाला एक शब्द बोलला नाही. सोडून दिला, इतर वाईट चेंडूंसारखा. मला जमलं नसतं — मी दुसऱ्याच दिवशी गावभर केलं असतं.

२३ मे

सकाळी डार्लाला सांगितलं, लाइलचं नाव कोर, मला चेंडू लागलाच नव्हता.  ती म्हणाली, लाइलला कळवते.

दुपारी मेव्हिसकडे तो बसला होता. पायाने खुर्ची सरकवून दिली. ऱ्हुबार्ब पाय मागवला, दोन बश्या.

कोपराचं विचारलं नाही.