पट्टी ओली होती

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण चौथी उत्तीर्ण (पहिल्या क्रमांकाने), व्यवसाय कॅराव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, बाहेरून निगा राखणे, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हाताला कंप आहे तो वयाचा आहे, आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे माझ्या आईलाही जमले नव्हते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, म्हणून सर्व मजकूर स्वहस्ते लिहीत आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, माझ्या एकुलत्या एका मुलीस द्यावे. ती म्हणेल, ‘बाबा, मला कशाला, माझं आहे की घर.’ तरीही घ्यावे. घराच्या बाहेरच्या भिंतींना कित्येक वर्षांत रंग लागलेला नाही. लोकांच्या गाड्या चमकवणाऱ्याच्या घराची ही दशा पाहून गल्ली हसत असे. हसण्याजोगेच होते.

कलम दुसरे. माझी स्वतःची घरगाडी हीही मुलीस. ती मी पंचवीस वर्षांपूर्वी मोडीतून आणून उभी केली. दर पंधरा दिवसांनी साबणपाणी, वर्षातून दोनदा मेण, उन्हाळ्यात टायरांवर झाकण, हे कधी चुकवले नाही. आजवर ती एकूण एकशे चाळीस किलोमीटर चालली आहे. माझी पत्नी दर वर्षी म्हणे, ‘एकदा समुद्रावर जाऊ या ना हिच्यातून.’ मी म्हणे, खाऱ्या वाऱ्याने रंगावरचे तेज जाते. एकदा ती म्हणाली, ‘आणि माझ्यावरचं गेलं ते?’ मी तो विनोद समजून हसलो. ती नऊ वर्षांपूर्वी वारली. मुलीने गाडी समुद्राकाठी न्यावी, तीन दिवस तेथेच ठेवावी आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने वरून खाली धुवावी. न धुतली तरी माझी तक्रार नाही. हे शेवटचे वाक्य लिहिण्यास मला अर्धा तास लागला.

कलम तिसरे. समोरच्या गॅरेजवाल्यास माझ्या दोन बादल्या व मऊ लोकरी हातमोजा. एक बादली साबणाची, दुसरी मोजा खळबळण्याची. एकच वापरली तर तीच माती गाडीवर परत घासली जाते, हे त्याला समजावून सांगावे. भांड्यांच्या पावडरीने त्याने किती गाड्यांची कातडी सोलली, याची गणती नाही. त्याने मला चारचौघांत विचारले होते, ‘काका, तुम्ही गाडी धुता की आंघोळ घालता?’ मी म्हणालो होतो, ‘आंघोळच घालतो. धोपटायला तू आहेसच.’ हा वाद माझ्या बाजूने मिटला असे समजावे.

कलम चौथे. कामाची शेड, आतील हत्यारांसह, माझ्या धाकट्या बहिणीस. हे बक्षीस नव्हे. कारण खाली देतो. ते वाचल्याखेरीज हे कलम वाचले असे समजू नये.

आम्ही दोघांनी सव्वीस वर्षे एकत्र काम केले. ती अंगाने हलकी, म्हणून छत तिचे. बाजू, काचा आणि पॉलिश माझे. बाजू सर्वांना दिसतात, छत कोणी पाहत नाही. त्यामुळे शाबासकी मला मिळे आणि मी ती एकट्याने घेई. वास्तविक घरगाडी मरते ती छताच्या सांध्यांतून. सांध्यात ओल असताना वरून सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, भरला, तर ओल आत कोंडते आणि लाकूड आतल्या आत कुजते. बाहेरून गाडी नवरीसारखी दिसत राहते. म्हणून बहिणीची पद्धत अशी होती: जुने सीलंट खरवडून काढायचे, सांध्यावर वर्तमानपत्राची पट्टी दाबून बसवायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायची. पट्टी कडक राहिली तर सांधा कोरडा. मऊ पडली तर थांबायचे, मग गिऱ्हाईक दारात उभे का असेना. मी याला ‘पेपरवाचन’ म्हणून हसत असे.

एका निवृत्त गुरुजींची घरगाडी आमच्याकडे आली. गुरुजी आणि त्यांच्या बाई भाड्याची जागा सोडून तिच्यातच राहायला जाणार होते. दुपारी दोनला गाडी देण्याचा शब्द मी दिला होता, आणि माझा शब्द कधी मागे गेला नाही याचा मला गर्व होता. बहीण त्या सकाळी दातांच्या डॉक्टरकडे गेली. जाताना म्हणाली, ‘दादा, पट्टी मी आल्यावर बघते. तोवर हात लावू नकोस हं.’

मी वर चढून पाहिले. पट्टी ओली होती. मी ती काढली, चुरगळून खिशात घातली आणि सांधा भरून टाकला.

ती परत आली तेव्हा तिचा गाल सुजला होता, तरी पहिला प्रश्न तोच.

‘कोरडी होती?’

‘खडखडीत,’ मी म्हणालो.

दोन पावसाळ्यांनंतर गुरुजी आले. आतले छत बाईंच्या अंथरुणावर कोसळले होते. ते ओरडले नाहीत. ‘हे काम कोणाचं?’ एवढेच त्यांनी विचारले. बहीण माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, ‘छताचं सगळं हिच्याकडे असतं.’

तिने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग म्हणाली, ‘हो गुरुजी. छत माझ्याकडेच असतं.’ तिने हात धुतले, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि ती गेली. त्यानंतर या धंद्यात तिला कोणी छतावर चढू दिले नाही. दोन गल्ल्या पलीकडे गाड्यांची आवरणे शिवून तिने दिवस काढले. एकोणीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लोकांना मी सांगे, ‘तिच्या नाकावर राग आहे.’ राग असता तर ती खरे सांगून मोकळी झाली असती.

गेल्या महिन्यात मी गुरुजींच्या बाईंना शोधून काढले. गुरुजी आता नाहीत. बाई भाच्याकडे राहतात. मी सर्व काही उभ्यानेच सांगितले. त्या म्हणाल्या, ‘बसा आधी. आमचे हे त्याच दिवशी परतताना म्हणाले होते, हे काम त्या बाईंचं नव्हे. पण त्यांनीच ते अंगावर घेतलं, मग आम्ही काय बोलणार?’

म्हणजे ज्यांना मी खोटे सांगितले, त्यांनाच ते पटले नव्हते. माझा मान राहावा म्हणून बहिणीने ते सांभाळले, तिच्याकडे पाहून त्यांनीही, आणि मी त्याला माझी प्रतिष्ठा समजत होतो.

सहीपूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर माझ्या पश्चात वाचला जावा, असा माझा बेत होता. मुलगी म्हणाली, ‘मग आत्यानं उत्तर कोणाला द्यायचं बाबा? तुमच्या फोटोला?’ म्हणून आज बहिणीस शेडमध्ये बोलावले. ती आली. चष्मा पुसून तिने सर्व पाने वाचली आणि म्हणाली, ‘नुसतं खडखडीत नाही. “एकदम खडखडीत” म्हणाला होतास.’

मी मान्य केले.

‘आणि शेड नको मला. एकाहत्तरची झाले, आता वर चढवतोस होय? आतली ॲल्युमिनियमची शिडी तर माझीच आहे. माझी वस्तू मलाच वाटून देतोय शहाणा! ती मी जाताना नेणार.’

साक्षीसाठी औषधांचे दुकानदार आले होते, वकीलसाहेबही होते. दुसरी सही वकीलसाहेबांचा कारकून करणार होता. ती म्हणाली, ‘त्याला कशाला त्रास? मी करते.’

वकीलसाहेब म्हणाले, ‘ताई, या कागदानं ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये. सही केलीत तर शेड गेली.’

‘जाऊ दे.’

मी म्हणालो, ‘अगं, सहीला कोणीही चालतो. हा बसलाय ना कारकून.’

‘तो होता का इथं त्या दिवशी? मी होते. मग साक्ष माझी.’

सबब, कलम चौथे यातील बहिणीचे नाव रद्द करून शेड मुलीस दिली आहे. कारणाचा मजकूर मात्र रद्द नाही. त्यातील एक अक्षरही कोणी गाळू नये. मी बहिणीची क्षमा मागितली. ती ‘बघू’ म्हणाली. हेही नोंदवतो, कारण ती मिळालीच असे कोणी माझ्यामागे सांगत फिरू नये.

येणेप्रमाणे मी लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली.

स्थळ: कामाची शेड
दिनांक: ९ मार्च २०१०, मंगळवार

(सही) लिहून देणार

साक्षीदार:

१. (सही) औषधांचे दुकानदार. ओळख बत्तीस वर्षांची.

२. (सही) लिहून देणाराची धाकटी बहीण. व्यवसायापुढे मी ‘आवरणे शिवणे’ असे लिहिले होते. ते तिने खोडले आणि स्वतःच्या हाताने लिहिले: ‘छताचे काम’.